किल्ली देण्यापूर्वीं

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, अकरावीच्या प्रवेशाची धांवपळ संपते, आणि मग आमच्या रत्नागिरींत घरोघर एक विषय हमखास निघतो. चिरंजीव आतां महाविद्यालयांत जाणार. घर नाचण्यास किंवा मिरजोळ्यास, महाविद्यालय शहरांत, शिकवणीचा वर्ग भल्या सकाळीं. तेव्हां त्यास गाडी द्यावी कीं काय? गाडी म्हणजे अर्थातच दुचाकी. कांहीं घरीं वडिलांची जुनी दिली जाते, कांहीं घरीं गुणांचें बक्षीस म्हणून नवी येते. कन्येच्या बाबतींतही गोष्ट निराळी नाहीं. वय विचारावें तर उत्तर मिळतें, "सोळा पुरीं झालीं कीं!" परवान्याविषयीं विचारावें तर उत्तर त्याहूनही सोपें असतें : "अहो मास्तर, बिनगिअरची गाडी ती, तिला कसला आला आहे परवाना?"

असें उत्तर देणारांत वकील असतात, बँकेंतले अधिकारी असतात, क्वचित् शिक्षकही असतात. त्यांचा समज अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. एके काळीं कायद्यांत त्याच्याशीं मिळतेंजुळतें असें कांहीं होतें. परंतु तें बदलून तीस वर्षें होऊन गेलीं, तरी बदलाची वार्ता घरांपर्यंत पोंचली नाहीं. पुढें २०१९ सालीं कायदा पुन्हां बदलला आणि या वेळीं त्यानें थेट आईबापांचा दरवाजा ठोठावला. तोही बदल पुष्कळांच्या कानीं नीटसा पडलेला नाहीं. म्हणून या महिन्यांत या सदरासाठीं हा विषय घेतला आहे.

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. १९३९ च्या मोटर वाहन कायद्यानें सार्वजनिक रस्त्यावर मोटर चालविण्यास अठरा वर्षांची अट घातली. त्या काळीं मुलाच्या हातीं मोटरसायकल येणें हेंच अपूर्व असल्यामुळें त्या अटीचा जाच कोणास झाला नसावा. १९७२ सालीं पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनें 'लूना' बाजारांत आणली. सायकलीसारखीं पॅडलें असलेली ही हलकीशी गाडी आली आणि दुचाकी मध्यम स्थितींतल्या कुटुंबांच्या अंगणांत उभी राहिली. पुढें १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. त्याच्या चौथ्या कलमांत अठरा वर्षांचा नियम कायम ठेवून एक सवलत दिलेली होती : गिअर नसलेली मोटरसायकल सोळा वर्षें पुरीं झालेल्यास चालवितां येईल. कायद्याच्या भाषेंत स्कूटर, मोपेड या सर्व 'मोटरसायकल'च होत. आजच्या पालकांच्या मनांत घर करून बसला आहे तो हाच नियम.

पण १९९४ च्या दुरुस्तीनें 'गिअर नसलेली' हे शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागीं इंजिनाचें माप घातलें : पन्नास घनसेंटीमीटरपेक्षां मोठें इंजिन नसावें. असें कां झालें हें कळण्यास फार दूर जावयास नको. १९८४ सालीं आलेल्या कायनेटिक होंडास गिअर बदलण्याची खटपट नव्हती, पण तिचें इंजिन ९८ घनसेंटीमीटरचें होतें. गिअर नाहीं म्हणजे गाडी दुबळी, हें समीकरण तेव्हांच मोडलें होतें. आज दुकानांत दिसणाऱ्या बिनगिअरच्या पेट्रोल गाड्या बहुतेक सर्व शंभर ते सवाशें घनसेंटीमीटरच्या आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षाची सवलत पुस्तकांत आहे; पण जिच्यासाठीं ती होती ती पन्नास घनसेंटीमीटरची गाडी बाजारांतून जवळजवळ नाहींशी झाली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परवानाच नको असें तेव्हांही नव्हतें. सोळा वर्षांच्या मुलास शिकाऊ परवाना घ्यावाच लागे, आणि त्यासाठीं पालकाची लेखी संमति कायद्यानें आवश्यक केली होती. ती अट आजही आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांसंबंधींही असाच घोटाळा होतो. ज्या गाडीची शक्ति २५० वॅटपेक्षां कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी आणि बॅटरी वगळून वजन साठ किलोपर्यंत आहे, व अधिकृत संस्थेनें जिची तशी तपासणी केलेली आहे, ती गाडी कायद्याच्या दृष्टीनें मोटर वाहन नव्हे. तिला नोंदणी नको, परवाना नको. त्यापलीकडील प्रत्येक विजेची गाडी ही मोटर वाहन आहे आणि तिला सर्व नियम लागू आहेत. हलकी गाडी घेऊन मागाहून तिच्या वेगाचा लगाम सैल करून घेण्याचा उद्योग कोठें कोठें चालतो; तसें केलें कीं ती सवलत त्याच क्षणीं संपते. गाडी विकत घेतांना हीं मापें कागदावर पाहून घ्यावीं, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबूं नये.

आतां २०१९ च्या दुरुस्तीकडे वळूं. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यांत १९९-अ हें नवें कलम आलें. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक हाच दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते. आणि ज्या मुलाच्या सोयीसाठीं हा सर्व खटाटोप केला, त्यास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. म्हणजे अठराव्या वर्षीं जें सहज मिळालें असतें, तें दोन वर्षांच्या उतावळेपणानें सात वर्षें पुढें गेलें. पदवी झाली, नोकरी लागली, तरी चिरंजीव रिक्षाची वाट पाहत उभे!

या कलमांतली अत्यंत महत्त्वाची गोष्ट शिक्षेहून वेगळी आहे. मुलानें गाडी नेली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेंच नेली, असें न्यायालय गृहीत धरून चालतें. "मला ठाऊक नव्हतें" किंवा "मीं सर्व काळजी घेतली होती" हें सिद्ध करण्याचा भार बापावर किंवा मालकावर असतो. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर लटकत असते आणि मुलगा रोज ती घेऊन जातो, अशा घरांत हें सिद्ध कसें करणार? मुलाजवळ शिकाऊ किंवा पक्का परवाना असेल आणि तो परवान्यांत बसणारीच गाडी चालवीत असेल, तर मात्र हें कलम लागत नाहीं. याखेरीज परवान्याविना गाडी चालविल्याचा दंड पूर्वीं पांचशें रुपये होता, तो पांच हजार झाला. आणि अशा माणसाच्या हातीं गाडी देणाऱ्या मालकासही पांच हजारांचा दंड वेगळा. महाराष्ट्रांत कांहीं काळ वाढीव दंडाचे दर थोपवून धरले होते. डिसेंबर २०२१ पासून तेही लागू झाले.

दंड एक वेळ भरतां येतो. त्याहून मोठें संकट विम्याच्या मार्गानें येतें. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कोणी दगावला, तर विमा कंपनी मृताच्या कुटुंबास भरपाई देऊन ती सर्व रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करूं शकते. २०११ सालीं दिल्लीकडील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें होतें. नात्यांतल्या एका अल्पवयीन मुलानें मोटरसायकल नेली आणि त्या अपघातांत एका स्कूटरस्वाराचा मृत्यु झाला. मालकाचें म्हणणें, मुलानें किल्ली मला न विचारतां घेतली. न्यायालयानें तें मानलें नाहीं. आपल्या गाडीचा असा गैरवापर होऊं नये हें पाहणें मालकाचेंच कर्तव्य, असें ठरून भरपाईचा भार त्याच्यावर पडला. अशी भरपाई लाखांच्या घरांत जाते. आयुष्यभर काटकसर करून बांधलेलें घर किंवा वडिलार्जित कलमांची बाग एका सकाळच्या शिकवणीपायीं पणास लावणें कोणत्या हिशेबांत बसतें?

मे २०२४ मध्यें पुण्याच्या कल्याणीनगरांत एका भरधांव मोटारीनें दुचाकीवरील दोघां तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला, तेव्हां या विषयाची महाराष्ट्रभर चर्चा झाली. ती श्रीमंतांची मोटार होती, म्हणून आपण साधीं माणसें त्या चर्चेंत स्वतःस वगळून बोललों. वास्तविक किल्ली देणारा हात श्रीमंताचा असो कीं कारकुनाचा, कायद्याच्या लेखीं दोन्ही सारखेच.

आपल्या परिवहन कार्यालयाच्या कागदांत परवान्यास 'अनुज्ञप्ति' म्हणतात. शब्द बोजड म्हणून लोक त्याची थट्टा करितात. परंतु त्याच्या कुळांतला 'अनुज्ञा' हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पूर्वीं गुरुगृहीं अध्ययन पुरें झालें, म्हणजे शिष्य गुरूची अनुज्ञा घेऊन घरीं परतत असे. अनुज्ञा ही अध्ययनाच्या अंतीं मिळे. परवान्याचेंही मर्म तेंच असावें : आधीं शिकणें, मग पारखून घेणें, मग मोकळीक.

पण खेदाची गोष्ट अशी कीं आपल्या कायद्यानें उंबरठा घातला आहे, पायऱ्या फारशा बांधल्या नाहींत. सतरा वर्षें अकरा महिन्यांचा मुलगा शंभर घनसेंटीमीटरच्या गाडीस अपात्र असतो. आणखी दोन-तीन महिन्यांत त्याच्या हातीं गिअरच्या मोटरसायकलचा परवाना पडला, कीं तोच परवाना हजार घनसेंटीमीटरच्या राक्षसी यंत्रासही चालतो. इंग्लंडांत ही व्यवस्था निराळी आहे. तेथें १९९० पासून रस्त्यावर येण्यापूर्वीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें, आणि जानेवारी २०१३ पासून पायऱ्या अधिक काटेकोर झाल्या. सोळाव्या वर्षीं पन्नास घनसेंटीमीटरची मोपेड, सतराव्या वर्षीं सवाशें घनसेंटीमीटरपर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षीं मध्यम शक्तीची, आणि कोणतीही मोठी मोटरसायकल एकदम हवी असेल तर चोविसावें वर्ष. मधल्या पायरीवर दोन वर्षें काढलीं असल्यास एकविसावें. तेथल्या तरुणांस हें जाचक वाटतें आणि ते कुरकुरतात. पण एका पायरीवर पाय स्थिर झाल्यावांचून दुसरीवर ठेवावयाचा नाहीं, ही गोष्ट व्याकरण शिकलेल्या कोणासही पटण्यासारखी आहे. संधि न शिकतां समास सोडविण्यास बसलेल्या विद्यार्थ्याची गत आपण जाणतों. तेथें निदान चूक पाटीवर होते, आणि पाटी पुसतां येते.

रस्त्यावरची चूक पुसतां येत नाहीं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घातलेलीं अशीं मेलेल्यांत ५०,०२९ होतीं. डोक्याच्या संरक्षणाचें महत्त्व जगास कळलें त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी १९३५ सालीं मोटरसायकलवरून जातांना सायकलवरील दोन मुलांस वांचविण्यासाठीं वळला, पडला, आणि डोक्यास मार लागून कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनीं पुढें लष्करांतील मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ सालीं हेल्मेटची उपयुक्तता दाखवून दिली. आपल्या कायद्यांतही हेल्मेट चालविणारास आणि मागें बसणारास, दोघांसही सक्तीचें आहे. न घातल्यास हजार रुपये दंड आणि परवाना तीन महिने निलंबित. तरीही रत्नागिरींत तें पुष्कळदां कोपरांत अडकविलेलें दिसतें. कोपरास मेंदू नसतो, हें सांगावयास नको.

आमच्या भागाचे रस्तेही नवशिक्यास क्षमा करणारे नव्हेत. मारुतीमंदिरापासून खालीं बंदराकडे उतरतांना चढउतार आहेत. आरे-वारेच्या वळणावर समुद्र दिसतो आणि तरुणांचें लक्ष हटकून रस्त्यावरून उडतें. मिऱ्याहून निघणारा नागपूरचा रस्ता हातखंब्यास मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तेथें अवजड गाड्यांची रांग असते. जयगडकडून येणारे ट्रक निवळीस त्याच महामार्गावर चढतात. त्यांत पावसाळ्याचे चार महिने : जांभ्याची तांबडी माती रस्त्यावर वाहून येते, कडेला शेवाळें धरतें, आणि छत्री सांवरीत चालणारीं माणसें अवचित आडवीं येतात. मुलास नववीच्या विज्ञानांत गतिज ऊर्जेचें सूत्र शिकविलेलें असतें. त्याचा अर्थ त्याला येथें विचारावा. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत अकरा मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तो एक सेकंद जातोच; म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच एका मोठ्या दिवाणखान्याइतकें अंतर तुटलें. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचें अंतर चौपट होतें, ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. हें गणित वहींत सोडविणारा मुलगा रस्त्यावर विसरतो, कारण त्या वयांत मागें मित्र बसलेला असतो आणि पुढें दुसरा मित्र गेलेला असतो.

यावर पालकांची जी तक्रार आहे ती मात्र खोटी म्हणतां येणार नाहीं. एस. टी. ची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशीं जुळत नाहीं. पावसकडून किंवा मालगुंडाकडून येणाऱ्या मुलास एक गाडी चुकली कीं तासभर तिष्ठावें लागतें. शिकवणीचा वर्ग पहांटे, तर प्रयोगशाळेचा तास संध्याकाळीं. बाप नोकरीस, आई नोकरीस, पोंचवावयाचें कोणी? सोळा ते अठरा हींच दोन वर्षें धांवपळीचीं, आणि याच दोन वर्षांत कायदा म्हणतो थांबा. ही अडचण सोडविण्याचे मार्ग आहेत, पण ते एकट्या घरास साधत नाहींत. एकाच मार्गावरच्या दहा पालकांनीं मिळून आगारप्रमुखाकडे वेळ बदलून मागितली, तर तिचा विचार होण्याचा संभव एका पालकाच्या तक्रारीहून अधिक असतो. शिकवणीच्या वर्गाची वेळ पालकांच्या आग्रहानें बदलूं शकते. फी तेच देतात. चार मुलांनीं मिळून रिक्षा ठरवितां येते. सपाटीवरच्या मुलास सायकल आहे, चढावरच्यास वर सांगितलेली हलकी विजेची गाडी आहे. हीं सर्व साधनें थोडीं मंद आणि थोडीं गैरसोयीचीं आहेत. तरी दोन वर्षांची गैरसोय आणि जन्माचें दुःख यांची तुलना होऊं शकत नाहीं.

कायद्यानें न बांधलेल्या पायऱ्या घरानें बांधाव्या, असें माझें सांगणें आहे. सोळा वर्षांपर्यंत सायकल, पण नियमांनिशीं : डावीकडून चालणें, वळतांना हात दाखविणें, रात्रीं दिवा. सोळा ते अठरा या काळांत मुलानें वडिलांच्या मागें हेल्मेट घालून बसावें आणि रस्ता वाचावयास शिकावें. समोरचा टेम्पो वळणार हें कशावरून ओळखावें, शाळेपुढें वेग कां कमी करावा, हें बापानें चालवितां चालवितां सांगावें. टायर, ब्रेक, विम्याचा कागद, धुराचें प्रमाणपत्र यांची देखभाल याच वयांत मुलाकडे सोंपवावी. ज्याला गाडी पुसावी लागते त्याला ती खेळणें वाटत नाहीं.

अठरा पुरीं झाल्यावर शिकाऊ परवाना काढावा. महाराष्ट्रांत जून २०२१ पासून त्याची परीक्षा आधारच्या साहाय्यानें घरबसल्या देतां येते. सोय चांगली आहे. परंतु मुलगा चहा पितो आणि बाप उत्तरें देतो, असे प्रकार कानांवर येतात. पंधरावीस प्रश्नांची ती परीक्षा मुलानेंच द्यावी. नापास झाला तर पुन्हां देईल. त्यांत कमीपणा नाहीं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परीक्षेस निदान तीस दिवसांनंतर बसतां येतें. हे तीस दिवस म्हणजे निव्वळ वाट पाहण्याचे दिवस नव्हत. पहिला आठवडा चंपक मैदानासारख्या मोकळ्या जागीं, दुसरा गल्लींत, तिसरा चढउतारावर, चौथा रहदारींत, असा क्रम ठेवावा. या काळांत शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणास मागें बसविण्याची कायद्यानें मनाई आहे, हें मित्रांसही सांगून ठेवावें. पक्का परवाना मिळाल्यावर पहिलें एक वर्ष घरचा नियम असावा : रात्रीं महामार्ग नाहीं, मागें मित्र नाहीं, मुसळधार पावसांत गाडी नाहीं.

सोळावें वर्ष लागल्यावर मुलाशीं मित्रासारखें वागावें, असें आपल्याकडील वडीलधारे सांगत आले. तें अगदीं योग्य आहे. मात्र मित्राचें एक लक्षण असेंही आहे कीं तो प्रसंगीं स्पष्ट 'नाहीं' म्हणतो आणि कारण समजावून सांगतो. मुलास कायद्याचीं हीं कलमें वाचून दाखवावीं. पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना बंद, हें त्याला आपल्या दटावणीहून लवकर समजेल. आणि एवढें करून बापानें स्वतः तांबड्या दिव्यापाशीं थांबावें. मुलगा मागें बसून दोन वर्षें तेंच पाहणार आहे.

हा अंक वाचून झाल्यावर घरांतली किल्ली कोठें टांगलेली आहे तेवढें पाहावें, आणि ती कोणाच्या हाताला कोणत्या वर्षीं लागावयाची याचा निर्णय आईबापांनीं मुलांस समोर बसवून करावा. एका संध्याकाळचें तें काम आहे.